निर्मलाताई चौकशीला जातात

आमच्या कर्जतकडे कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणायचं असलं की माणूस ‘सांगतो’ म्हणतो. जागा बघायला आलेला सांगतो म्हणतो, मुलगी बघून गेलेले सांगतो म्हणतात. माझ्या दुकानात डोळे तपासून, आरशासमोर सगळ्या फ्रेमा लावून बघणारा माणूससुद्धा ‘घरी विचारतो आणि सांगतो’ म्हणत पायरी उतरतो. ऐकणाऱ्याने काय ते समजायचं आणि गप्प बसायचं. निर्मलाताई ठोंबरे मात्र ‘सांगतो’ म्हणजे हा माणूस सांगणार आहे, असंच धरून चालायच्या. सांगायला कुणी आलं नाही, की ऐकायला त्या स्वतः जायच्या.

बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकान लांबोडकं, पुढे उजेड आणि मागे अंधार. मागच्या भागात मी रिकामी खोकी टाकत असे. ती जागा भाड्याने मिळेल का, असं विचारत त्या आल्या, तेव्हा मला वाटलं शिवणक्लास काढायचा असेल.

“फिजिओथेरपी,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे मालिश?”

“तसं समजून पण कुनी येऊ द्या, सुहासभाऊ. आत आल्यावर समजावता येतं.”

उंच, हाडापेराने मजबूत, केसांचा घट्ट अंबाडा, कोपरापर्यंत सरसावलेल्या बाह्या. नवरा खोपोलीला कारखान्यात, मुलगी शाळेत, माहेर खालापूरच्या बाजूचं. शिक्षण मुंबईला झालेलं. मुंबईच्या पेशंटशी त्या मुंबईचं बोलू शकत होत्या, पण ते एखादा कोट घालावा तसं. घालायच्या आणि काम झालं की काढून ठेवायच्या. बाकी वेळ आपलं हाय आणि नाय. त्यांना कुणी डॉक्टर म्हटलं की त्या लगेच सांगायच्या, “डॉक्टर नको. डॉक्टर म्हणलं की माणूस जीभ बाहेर काढतो. ताई म्हणा.”

आम्ही दोघांनी मिळून एक लाकडी पार्टिशन घातलं. पलीकडे एक कॉट, भिंतीला लावलेली शिडी, रबराचे पट्टे, एक मोठा निळा चेंडू. चेंडू बघायला शाळेतली पोरं यायची. पेशंट येत नव्हते. हाडांच्या दवाखान्यातून त्यांना नावं कळायची, त्या घरी जाऊन पेशंट बघून यायच्या, घरचे लोक चहा पाजायचे, ‘सांगतो’ म्हणायचे, आणि मग काहीच व्हायचं नाही.

तेव्हाच त्यांचं ते चौकशीला जाणं सुरू झालं. दुपारचं जेवण झालं की त्या पार्टिशनच्या बाहेर येऊन म्हणायच्या, “भाऊ, चौकशीला जाऊन येते.” काउंटरखाली आपली कामाची पिशवी सरकवायच्या आणि मोकळ्या हाताने स्कूटर काढायच्या.

“पिशवी नाही घेत?” मी एकदा विचारलं.

“पिशवी दिसली की लोकांना वाटतं, आता ही काहीतरी काढणार. रिकाम्या हाताच्या बाईला बस म्हणतात.”

त्यांच्या या चौकशीला त्यांचे स्वतःचे नियम होते. फोन करायचा नाही, कारण फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. कर्त्या पुरुषाला गाठायचं नाही. पेशंटला उठवतं कोण, संडासला नेतं कोण, त्या माणसाशी बोलायचं. ‘मग काय ठरलं तुमचं?’ हे तर कधीच विचारायचं नाही. आजीला झोप लागते का, आजोबा कुठल्या कुशीवर वळतात, असलं विचारायचं. आणि निघताना काहीतरी एक दाखवून यायचं, लगेच उपयोगी पडेल असं.

“फुकट शिकवलंत तर ते तुम्हाला कशाला बोलावतील?” मी म्हटलं. मी दुकानदार माणूस.

“एकानं भागलं तर बरंच झालं की. नाय भागलं तर दुसरं कुनाला विचारतील?” असं म्हणून त्या हसायच्या. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलायचे.

एक नियम मात्र त्या फार गंभीरपणे सांगायच्या. घरच्यांचं ‘नाही’ त्या धरत नसत. “ज्याचा पाय, त्यानं नाय म्हणावं,” असं म्हणायच्या. पेशंट स्वतः नको म्हणाला, तर त्या दारात परत पाऊल टाकायचं नाही.

पोशीरला मी अधूनमधून डोळे तपासायला जातो. एकदा त्यांची स्कूटर गॅरेजला होती म्हणून त्या माझ्याबरोबर गाडीत आल्या. हौसाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेलेली. मुलगा दत्ता भातशेती बघायचा आणि एका गोदामात नोकरीही करायचा. तो कधीच ‘सांगतो’ म्हणालेला होता आणि निर्मलाताई त्यानंतर कितीदा जाऊन आल्या होत्या कुणास ठाऊक. माझं काम लवकर आटोपलं, म्हणून त्यांना घ्यायला मी त्या घरी गेलो.

दत्ता ओटीवर उभा होता. चांगलाच तापला होता.

“ताई, आमी सांगतो म्हणलो व्हतो ना? आमी काय पळून चाललोय? तुमचा धंदा चालत नाय तर आमच्या दारात कशाला?”

मला वाटलं आता या उठतील. मी गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच थांबलो.

निर्मलाताई ओटीवरच म्हातारीच्या पलंगाशी खाली बसलेल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. “धंदाच हाय, दत्ताभाऊ,” त्या म्हणाल्या. “पोटासाठीच येते मी, खोटं कशाला बोलू. पण तुमची बायको आईला उठवताना काखेत हात घालून ओढते. तिला कुनी सांगितलेलं नाय. तो खांदा निसटंल आणि सविताची कंबर जाईल. तेवढं दाखवते आणि जाते. मग तुमी बोलावू नका.”

दत्ताची बायको सविता दाराआडून पुढे आली. निर्मलाताईंनी तिला म्हातारीसमोर उभं केलं, पाय कुठे रोवायचे, कमरेला कसं धरायचं, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला कसा टेकवायचा ते दाखवलं. मग म्हणाल्या, “आता उचलू नको गं. नुसती मागं झुक.”

सविता मागे झुकली आणि हौसाबाई पलंगावरून उभ्या राहिल्या. फार वेळ नाही. पण त्या उभ्या राहून ओटीवरच्या मुलाकडे बघत होत्या, त्याच्या उंचीवरून. इतके महिने ती बाई सगळ्यांकडे खालून बघत होती. त्यांचं तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हते. तरी निर्मलाताईंकडे मान वळवून त्यांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. सविताला कळलं.

“ये गं बाय, म्हणतायत,” ती म्हणाली.

दत्ता खाली उतरून मागच्या अंगणात निघून गेला. परतताना गाडीत नेरळ आल्यावर निर्मलाताई म्हणाल्या, “त्याचं काय चुकलं? दारात सारखं कुनी येत राहिलं तर मला पन राग येईल.” पुढच्या आठवड्यापासून त्या पोशीरला नियमाने जायला लागल्या. हौसाबाईंचा हात काही पूर्वीसारखा झाला नाही, पण काठी घेऊन त्या परसात जायला लागल्या. दत्ता आपल्या आईला घेऊन चष्म्यासाठी माझ्याकडे आला तेव्हा निर्मलाताईंना बघून त्याने नुसतीच मान हलवली, आणि त्यांनीही.

सगळेच प्रसंग असे नसायचे. पळसदरीला धरणाच्या बाजूला मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला आहे. त्यांचा गुडघा बदललेला. ते निर्मलाताईंना म्हणाले, “मेसेज टाका, बघू.” निर्मलाताईंनी मेसेज टाकला. त्यांनी वाचला. उत्तर नाही. मग त्या चौकशीला गेल्या. बंगल्याची राखण करणारा काशिनाथ माझं गिऱ्हाईक, त्यामुळे पुढचं मला त्याच्याकडून कळलं.

साहेबांनी वरूनच बघितलं की बाई फाटकाशी आल्या आहेत. त्यांनी काशिनाथला खूण केली, मी मुंबईला गेलोय म्हणून सांग. काशिनाथने तसं सांगितलं. निर्मलाताईंनी वरच्या खिडकीतला पडदा हललेला बघितला. त्या म्हणाल्या, “बरं झालं गेले ते. तुझ्याशीच बोलायचं होतं.” आणि मग चांगल्या मोठ्या आवाजात, एखाद्या बहिऱ्याशी बोलावं तसं, काशिनाथला शिकवायला लागल्या. “साहेबांना सांग, जिना चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना दुखरा पाय आधी खाली. ते उलटं करत असनार, म्हणून त्यांना जिन्याची भीती वाटते आणि ते वरच बसून राहतात. समजलं का रं?”

काशिनाथ म्हणाला समजलं. त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, “परत एकदा सांगते.”

त्यांचं दुसऱ्यांदा सांगून होईपर्यंत घरातून जिन्यावर काठी वाजल्याचा आवाज आला. साहेब दारात उभे. आपण मुंबईला गेलेलो आहोत हे ते विसरले होते. “उतरताना दुखरा पाय आधी, बरोबर ना?” त्यांनी विचारलं.

“बरोबर,” निर्मलाताई म्हणाल्या. “मुंबईहून कधी आलात?”

त्या गृहस्थांनी पुढे आपल्या ओळखीच्या सगळ्या बंगलेवाल्यांना निर्मलाताईंचं नाव सांगितलं. पार्टिशनच्या पलीकडे आता रोज आवाज असायचा. कण्हण्याचा, हसण्याचा, आणि त्यांचा तो ठेका धरलेला सूर, “सोडा, सोडा, श्वास सोडा.” माझी गिऱ्हाइकं अक्षरांचा तक्ता वाचता वाचता श्वास सोडायची.

पण त्यांची म्हणून मला जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते, ती शेलूची.

शेलूला नव्या इमारती झाल्या आहेत, तिथे महेश नावाचा तरुण राहायचा. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. निर्मलाताई बघून आल्या. घरचे सांगतो म्हणाले. नेहमीप्रमाणे त्या चौकशीला गेल्या, तर महेशने स्वतःच दार उघडलं. पाय सरळ ठेवून, भिंतीला टेकून. म्हणाला, “ताई, मला नको. परत येऊ नका.”

त्या आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, “शेलूचं झालं.” नियम म्हणजे नियम. त्यानंतर त्या शेलूवरून जायच्या, वांगणीच्या पेशंटकडे जायच्या, पण त्या इमारतीकडे वळायच्या नाहीत.

बरेच महिने गेले. एक दिवस महेशची बायको दीपाली मुलीला चष्मा करायला माझ्याकडे आली. मुलीचा नंबर काढता काढता मी सहज विचारलं, मिस्टर कसे आहेत. ती आधी बरे आहेत म्हणाली. मग मुलगी आरशाकडे गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, “बाहेर पडतच नाहीत. नोकरी सुटली. सोफ्यावर पाय लांब करून बसतात, टीव्हीसुद्धा लावत नाहीत. मुलीला म्हणतात, माझ्या पायावरून उडी मारून जा.”

ते मी निर्मलाताईंना सांगितलं. त्या रबराचे पट्टे गुंडाळत होत्या. गुंडाळून झालेला पट्टा त्यांनी उलगडला आणि परत गुंडाळला.

“नाय म्हणाला होता तो,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता.”

त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा उघडला नाही. संध्याकाळी स्कूटर काढताना मला म्हणाल्या, “भाऊ, माणूस नाय म्हणतो तेव्हा तो कुनाला नाय म्हणतो, हे मी विचारलंच नव्हतं.”

तिथे काय झालं ते दीपालीने मला नंतर सांगितलं. निर्मलाताई दारात उभ्या राहिल्या आणि आत न येता म्हणाल्या, “तुमी येऊ नका म्हणला होता, तरी आले. एकच विचारायचं होतं. तुमी नाय म्हणला ते मला म्हणला का पायाला?”

महेश चिडला. कशाला आलात, मी सांगितलं होतं ना, असं बोलला. दीपालीला वाटलं तो दार लावून घेईल. पण दार लावायला उठावं लागलं असतं आणि उठायला त्याला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात त्याचा राग उतरला की काय कोण जाणे. तो म्हणाला, “डॉक्टर म्हणाले होते, वाकेल किंवा वाकणारही नाही. मी रोज पाय ओढायचा, रोज आशा धरायची, आणि शेवटी नाहीच वाकला तर? त्यापेक्षा हे बरं.”

निर्मलाताई तेव्हा आत आल्या. त्याच्यासमोर खाली बसल्या आणि गुडघ्याला हात न लावता नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तेव्हा मी परत आले असते तर हा आजच्यापेक्षा जास्त वाकला असता. ते आता गेलं. ते काय मी परत आणू शकत नाय. पन अजून थोडं शिल्लक हाय. किती, ते मला पन माहीत नाय. खोटं नाय सांगत.”

“म्हणजे पूर्ण नाही होणार.”

“पूर्ण नाय.”

दीपाली म्हणाली, एवढ्या दिवसांत त्याला कुणी असं सरळ ‘नाही’ म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, होईल रे, होईल. ते ‘पूर्ण नाय’ ऐकल्यावर तो रडला आणि मग म्हणाला, उद्यापासून या.

फार सोसलं त्याने. आधी त्यांनी त्याला पुन्हा हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे भूल देऊन गुडघा थोडा मोकळा करून घेतला. मग रोज शेलू. पार्टिशनच्या पलीकडचे पेशंट त्यांनी पुढे-मागे केले, पण शेलूची वेळ हलवली नाही. काही महिन्यांनी महेश माझ्या दुकानात आला, स्वतः, रिक्षाने. खुर्चीवर बसला आणि पाय वाकवून दाखवला. काटकोनाच्या थोडा अलीकडेच तो थांबला. लंगडत होता, आजही लंगडतो. भिवपुरीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला लागला आहे. निर्मलाताई त्या वेळी बाहेर होत्या. तो थांबला, त्यांची वाट बघितली. त्या आल्यावर दोघं चष्म्यांच्या कपाटासमोर उभी राहून बोलत होती आणि बोलताना निर्मलाताईंची नजर सारखी त्याच्या पायावर जात होती. तो गेल्यावर म्हणाल्या, “अजून वाकला असता.” कौतुक कुणी केलं तरी शेलूच्या बाबतीत त्या हेच म्हणायच्या.

नियम त्यांनी मोडला नाही, पण थोडा बदलला. पेशंट स्वतः नको म्हणाला की त्या दारातून परत फिरायच्या खऱ्या, पण काही दिवसांनी एकदा जाऊन एवढंच विचारायच्या, का नको. कुणी सांगायचं पैसे नाहीत, कुणी सांगायचं बाईमाणसाने पायाला हात लावलेला आवडत नाही, एक आजोबा म्हणाले मला आता कुठे जायचंच नाही. त्या आजोबांकडे त्या परत गेल्या नाहीत. तेवढं त्यांनी मानलं.

त्यांच्या संगतीने मीही थोडा बदललो. डोळे तपासून गेलेल्या आणि परत न आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरावरून जाताना मी गाडी थांबवायला लागलो. मला ते त्यांच्यासारखं जमत नाही. मी दारात उभा राहून हवापाण्याचं बोलतो आणि परत येतो. पण पोथी वाचता येत नाही म्हणून पोथी वाचणंच सोडून दिलेल्या एक आजी तशा फेरीत मला सापडल्या, एवढं खरं.

मागच्या वर्षी निर्मलाताईंनी जागा सोडली. माहेरी आई अंथरुणाला खिळली, भाऊ परगावी. नवऱ्याचा कारखाना त्याच बाजूला, म्हणून सगळं बिऱ्हाड खालापूरकडे नेलं. “तिकडं पन माणसं पडतातच की,” म्हणाल्या. शिडी आणि कॉट टेंपोत चढवली. निळा चेंडू टेंपोत मावेना, तो त्यांनी मुलीच्या मांडीवर दिला. जाताना मला म्हणाल्या, “चौकशीला येईन.” आल्याही एकदा-दोनदा. माझ्या बायकोचा खांदा आखडला होता, तो बघून गेल्या.

अलीकडे मला खालापूरला तहसील कचेरीत काम होतं. ते आटोपून मी आतल्या रस्त्याने चौक गावाच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, रस्ता एका गाडीपुरता. पुढे विटांचा एक टेंपो चालला होता. तो एका वळणावर थांबला. मला वाटलं बंद पडला असेल. मी उतरून पुढे गेलो.

रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा वॉकर धरून चालत होता. लेंगा, वर बंडी, पायात नवे कोरे बूट, बहुधा मुलाचे. त्याचं तोंड आमच्याकडे होतं. आणि त्याच्यापुढे, आमच्याकडे पाठ करून, निर्मलाताई उलट्या पावलांनी चालत येत होत्या. त्यांचे दोन्ही हात पुढे, त्याला न लावलेले, पण लावता येतील एवढ्या अंतरावर. नजर त्याच्या बुटांवर. “टाच आधी,” त्या म्हणत होत्या, “टाच. हां. आता दुसरा.” मागे रस्ता आहे, टेंपो आहे, लोक आहेत, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

म्हाताऱ्याला टेंपो दिसला आणि तो बाजूला व्हायला बघू लागला. टेंपोवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि चालू दे, चालू दे, अशी त्याला खूण केली. मग त्याने इंजिन बंद केलं.